संशोधनाच्या उंबरठ्यावर : जैववैद्यक पीएच.डी.चा अर्ज, मुलाखत आणि विवेक

विज्ञानाची गोडी असलेल्या मुलामुलींपुढे वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोनच वाटा ठेवण्याची रीत आपल्या घरांतून फार जुनी आहे. व्यापारउदिमाची परंपरा असलेल्या कुटुंबांत तिसरी वाट सनदी लेखापालाची. मात्र अलीकडे सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. झालेली आणि ‘मला संशोधन करायचे आहे’ असे निश्चयाने सांगणारी मुले-मुली आपल्याही घरांत दिसू लागली आहेत. आईवडिलांना त्यांचे कौतुक वाटते आणि काळजीही वाटते. शिक्षण किती वर्षांचे? खर्च कोण करणार? ‘डॉक्टर’ म्हणवून घेता येईल, पण दवाखाना घालता येईल का? आणि आजी हळूच विचारते, ‘तिथे उंदीर मारावे लागतात म्हणे?’

हे सारेच प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे ठाऊक नसतील तर मुलाचा अर्जही अर्धवट उतरतो आणि घरातला निर्णयही. म्हणून जैववैद्यक विज्ञानातील पीएच.डी.साठी अर्ज कसा होतो, मुलाखतीत काय पाहिले जाते आणि विवेकाचा प्रश्न कुठे उभा राहतो, याचा हा सविस्तर विचार. अमेरिकेतील पद्धती मुख्यतः समोर ठेवली आहे, कारण परदेशी अर्ज करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचा मोठा ओढा आजही तिकडेच आहे. आपल्या देशातील वाटेचाही परामर्श पुढे घेतला आहे.

पदवीचे स्वरूप

वैद्य रुग्णाला बरे करतो. जैववैद्यक संशोधक तो रोग मुळात होतो कसा, हे शोधतो. पेशी विभाजन थांबवायला का विसरते, जंतू औषधाला दाद का देईनासा होतो, स्मृती कुठे साठते, हे त्याचे प्रश्न. त्यासाठी लागणारी पीएच.डी. अमेरिकेत साधारणपणे पाच ते सहा वर्षांची असते. तिथले विद्यार्थी पदवीनंतर थेट या अभ्यासक्रमात जातात, स्वतंत्र एम.एस्सी.ची अट नसते. आपल्याकडील तीन वर्षांची बी.एस्सी. मात्र काही विद्यापीठे पुरेशी मानत नाहीत. एम.एस्सी., चार वर्षांची बी.टेक. किंवा पाच वर्षांची बी.एस.-एम.एस. असलेल्यांना ही अडचण येत नाही. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा नियम स्वतंत्रपणे वाचावा, हे उत्तम.

अनेक मोठ्या विद्यापीठांनी आपले जीवशास्त्राचे विभाग एका छत्राखाली आणले आहेत. हार्वर्डचा ‘बायॉलॉजिकल अँड बायोमेडिकल सायन्सेस’, सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ‘टेट्रॅड’, मिशिगन विद्यापीठाचा ‘पिब्स’ हे त्यांतील प्रसिद्ध कार्यक्रम. यांत विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी मार्गदर्शक निवडावा लागत नाही. पहिल्या वर्षी तो बहुधा तीन प्रयोगशाळांत काही आठवडे वा महिने काम करतो. याला ‘रोटेशन’ म्हणतात. त्यानंतर गुरू आणि शिष्य परस्परांना पसंत करतात. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पात्रता परीक्षा होते आणि मग खरे संशोधन सुरू होते. ही रोटेशनची सोय पुढे विवेकाच्या प्रश्नात फार उपयोगी पडणार आहे, ती ध्यानात ठेवावी.

खर्चाविषयी मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत स्वतःच्या पैशाने, बहुधा शैक्षणिक कर्ज काढून केली जाते ती एम.एस. जैववैद्यक पीएच.डी.चे शुल्क बहुतेक ठिकाणी विद्यापीठच भरते, आरोग्यविमा देते आणि निर्वाहासाठी विद्यावेतनही देते. अनेक मोठ्या विद्यापीठांत ते आता वर्षाला ४०,००० डॉलरांहून अधिक आहे. त्यात चैन होत नाही, पण काटकसरीने राहणाऱ्याला घरून पैसे मागवावे लागत नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी शेत किंवा दुकान तारण ठेवण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने एम.एस. आणि पीएच.डी. यांतील हा भेद आधी समजून घ्यावा.

एक कटू वास्तवही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील जैववैद्यक शिक्षणाचा मोठा आधार म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, अर्थात एनआयएच. त्या संस्थेची पीएच.डी. प्रशिक्षणाची अनुदाने तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात. परदेशी विद्यार्थ्याचा खर्च विद्यापीठाला अन्य निधीतून करावा लागतो, म्हणून त्यांच्या जागा मोजक्या असतात. २०२५च्या आरंभी संशोधननिधीत कपातीचे वारे वाहू लागले तेव्हा अनेक विद्यापीठांनी त्या वर्षीचे प्रवेश कमी केले, काहींनी देऊ केलेले प्रवेश मागेही घेतले. म्हणून एकाच देशावर सारी भिस्त ठेवणे आज शहाणपणाचे नाही.

अर्जाचे वर्ष

या अर्जाला एक पूर्ण वर्ष लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अभ्यासक्रम सुरू व्हायचा असेल तर तयारी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू व्हावी. जून-जुलैत विद्यापीठांची निवड करावी. ऑगस्टपर्यंत शिफारसपत्रे देणाऱ्या तीन अध्यापकांशी बोलून ठेवावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी आणि निवेदनाचे मसुदे लिहावेत. अर्जाची अखेरची तारीख बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरच्या आसपास असते. मुलाखती जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत होतात. देऊ केलेला प्रवेश स्वीकारायचा की नाही, हे कळवण्याची रूढ तारीख १५ एप्रिल. त्यानंतर विद्यापीठाकडून आय-२० हे प्रमाणपत्र येते आणि एफ-१ व्हिसाची धावपळ सुरू होते.

जीआरई ही परीक्षा पूर्वी अपरिहार्य मानली जाई. २०१७ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ येथील संशोधकांनी आपापल्या जैववैद्यक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीआरईच्या गुणांवरून विद्यार्थी पुढे किती चांगले संशोधन करील हे सांगता येत नाही, असे त्यांत आढळले. त्यानंतर एकामागून एक कार्यक्रमांनी ही परीक्षा वगळली. आज बहुसंख्य जैववैद्यक कार्यक्रमांना ती लागत नाही. तेव्हा शिकवणी वर्गाची जाहिरात पाहून पैसे भरण्यापूर्वी आपल्या यादीतील किती विद्यापीठांना जीआरई हवी आहे, ते तपासावे.

अर्जशुल्क एका विद्यापीठाला साधारण शंभर डॉलरच्या आसपास पडते. दहा ठिकाणी अर्ज केल्यास ही रक्कम मध्यमवर्गीय घराला जाणवते. काही कार्यक्रम शुल्क माफ करतात, पण त्यासाठी मुदतीच्या बरेच आधी विचारावे लागते. केवळ नामांकित म्हणून विद्यापीठ निवडण्याऐवजी, जिथे आपल्या प्रश्नावर काम करणारे निदान तीन-चार प्राध्यापक आहेत, अशीच सहा ते दहा ठिकाणे निवडावीत. एकाच प्राध्यापकाच्या भरवशावर अर्ज करणे धोक्याचे. त्या वर्षी तो नवा विद्यार्थी घेणारच असेल असे नाही.

निवेदन आणि शिफारस

अर्जाचा प्राण म्हणजे दोन पानांचे उद्देशनिवेदन आणि तीन शिफारसपत्रे. इथेच आपल्या विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान होते.

‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ या वाक्याने सुरू होणारी निवेदने निवडसमितीने हजारोंनी वाचलेली असतात. समितीला हवे असते ते वेगळेच. या विद्यार्थ्याने कोणता प्रश्न हाती घेतला? तो प्रश्न महत्त्वाचा का? उत्तर शोधण्यासाठी कोणता प्रयोग केला, तोच का केला? निष्कर्ष काय निघाला आणि पुढे काय करायचे राहिले? प्रयोग फसला असेल तर तेही लिहावे, मात्र त्यातून कोणता बदल केला हे सांगावे. महागडे यंत्र हाताळल्याचा उल्लेख फारसा कामाचा नाही. साध्या प्रयोगामागचा स्पष्ट विचार समितीला अधिक मोलाचा वाटतो.

प्रयोगशाळेचा अनुभव नसलेल्याने निराश होऊ नये, पण तो मिळवण्यासाठी वेळीच धडपड करावी. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. नोबेल विजेते हरगोविंद खुराना यांच्या नावाने चालणाऱ्या खुराना कार्यक्रमातून भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेतील प्रयोगशाळांत काम करण्याची संधी मिळत आली आहे. पुणे-मुंबईतील संस्थांत सहा महिने ते वर्षभर प्रकल्प साहाय्यक म्हणून काम केलेला विद्यार्थी अर्जात आणि मुलाखतीत चटकन वेगळा दिसतो.

आता सचोटीचा प्रश्न. निवेदन लिहून देण्याचा व्यवसाय आज शहरोशहरी बोकाळला आहे, आणि संगणकाला सांगितले की तोही क्षणात गुळगुळीत निवेदन हाती ठेवतो. पैसे मोजून वा बटण दाबून आणलेल्या शब्दांखाली स्वतःची सही करणे हे असत्यच आहे. धर्माची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी व्यवहारातही ते अंगाशी येते. मुलाखतीत प्राध्यापक त्या निवेदनातील एका वाक्यावर बोट ठेवून विचारतो, ‘हे जरा समजावून सांगता का?’ तेव्हा उसने शब्द मदतीला येत नाहीत. भाषेच्या चुका कोणाकडून तपासून घ्याव्यात, विचार मात्र स्वतःचाच असावा.

शिफारसपत्रांची अडचण आणखी नाजूक आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे सांगणारे अध्यापक आपल्याकडे काही कमी नाहीत. विद्यार्थी संकोचाने तसे करतो, आणि तिन्ही पत्रांत तीच भाषा, तीच विशेषणे उमटतात. अनुभवी वाचकाला ते पहिल्या परिच्छेदात कळते. यावर एक सभ्य उपाय आहे. अध्यापकांना नम्रपणे म्हणावे, ‘सर, पत्र आपल्या शब्दांत असेल तर मला फार मदत होईल. मी आपल्याकडे केलेल्या कामाची टिपणे, गुणपत्रक आणि निवेदनाचा मसुदा आणून देतो.’ एका पानावर तारखांसह कामाचे मुद्दे दिले की व्यग्र अध्यापकालाही लिहिणे सोपे जाते. ज्यांनी आपल्याला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांचे साधे पत्र न ओळखणाऱ्या कुलगुरूंच्या स्तुतिपत्राहून कितीतरी वजनदार ठरते.

मुलाखत : परीक्षा आणि परिचय

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना मुलाखतीसाठी दोन-तीन दिवस विद्यापीठात बोलावण्याची प्रथा आहे. भारतातून अर्ज करणाऱ्यांची मुलाखत बहुधा संगणकाच्या पडद्यावरच होते. बॉस्टनमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. कॅलिफोर्नियातले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. घरच्यांनी त्या रात्री टीव्ही बंद ठेवावा, वीज गेली तर इन्व्हर्टर चालतो ना हे पाहावे. मुलाने दुपारी झोप काढावी. या साध्या गोष्टींचाही उपयोग होतो.

अर्ध्या अर्ध्या तासाच्या अशा चार-सहा भेटी असतात. प्रत्येक भेटीत एक प्राध्यापक. पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुमच्या कामाविषयी सांगा.’ याचे उत्तर दोन मिनिटांत आणि दहा मिनिटांत, अशा दोन्ही प्रकारे तयार असावे. मग प्रश्नांची फेर सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पात हळदीतील कर्क्युमिनचा कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम पाहिला. असे प्रकल्प आपल्या महाविद्यालयांत घरोघरच्या चुलीसारखे आहेत. पेशी किती जगल्या हे तिने ‘एमटीटी’ या रंगपरीक्षेने मोजले. प्राध्यापक विचारतील, ‘ही परीक्षा नेमके काय मोजते?’ ‘जिवंत पेशी’ हे उत्तर अपुरे आहे. ती मोजते पेशींची चयापचयक्रिया. पेशी जिवंत राहूनही मंदावली, तरी रंग कमीच दिसेल. पुढचा प्रश्न, ‘कर्क्युमिन ज्या द्रवात विरघळवले, केवळ त्या द्रवाचा परिणाम पाहिला होता का?’ त्यानंतर आणखी खोल, ‘कर्क्युमिन स्वतः पिवळे आणि रासायनिकदृष्ट्या क्रियाशील आहे. पेशी नसतानाही ते रंगद्रव्याशी क्रिया करील का?’ यावर ‘पेशी न घातलेल्या कपांत केवळ औषध आणि रंगद्रव्य घालून मी ते तपासले होते,’ असे सांगणारी विद्यार्थिनी उत्तीर्णच समजावी. तपासले नसेल, पण ‘हे तपासायला हवे होते, आणि असे तपासता येईल,’ असे जिला तिथल्या तिथे सुचते, तिचेही मत चांगलेच होते.

म्हणजे पाहिले जाते ते पाठांतर नव्हे. आपल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेण्याची तयारी पाहिली जाते. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहिल्याशिवाय तिच्याविषयी ठाम विधान करू नये, ही शिकवण ज्या परंपरेत अनेकान्त म्हणून रुजली आहे, त्या घरातील मुलाला ही वृत्ती परकी वाटू नये. माझाच निष्कर्ष खरा, असे म्हणण्यापूर्वी दुसरे कोणते स्पष्टीकरण शक्य आहे, हे प्रयोगशाळेतही विचारावे लागते.

उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ असे सरळ सांगावे. आपल्याकडे तोंडी परीक्षेत गप्प बसणे हा अपराध मानला जात असल्याने मुले काहीतरी बोलून वेळ मारून नेतात. इथे तसे करू नये. ‘ठाऊक नाही, पण असा विचार करता येईल,’ हे वाक्य पुष्कळदा अचूक उत्तराहून अधिक प्रभाव पाडते.

शेवटी प्राध्यापक विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचे आहे?’ ‘नाही’ म्हणून उठू नये. परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाची हमी किती वर्षांची आहे? पदवीला सरासरी किती वर्षे लागतात? मार्गदर्शकाशी जमले नाही तर कोणती सोय आहे? इथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? विद्यार्थ्यांशी वेगळ्या गप्पा ठेवलेल्या असतात. तिथे, आजारी पडल्यावर किंवा घरी लग्न निघाल्यावर रजा मिळते का, असे साधे प्रश्न विचारावेत. त्यांच्या उत्तरांतून प्रयोगशाळेची खरी हवा कळते.

प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तर जेवणाचीही बाब आहे. अर्जपत्रातच आहाराविषयी विचारणा असते. तिथे शुद्ध शाकाहार, कंदमुळे वर्ज्य, असे स्पष्ट लिहावे. हिवाळ्यात तिकडे सूर्य लवकर मावळतो आणि प्राध्यापकांबरोबरचे जेवण अंधार पडल्यावरच असते. चौविहार पाळणाऱ्याने दिवसा आटोपून घ्यावे आणि संध्याकाळी पंगतीला बसून मनमोकळे बोलावे. कारण विचारले तर दोन वाक्यांत सांगावे. संकोचाने नियम मोडण्याची गरज नसते, आणि नियमाचे प्रदर्शनही करू नये.

उंदरांचा प्रश्न

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. जैववैद्यक संशोधनात प्राण्यांवर प्रयोग होतात, हे खरे आहे. उंदरांवर सर्वाधिक होतात. हे मुलापासून लपवू नये आणि मुलानेही घरापासून लपवू नये.

विज्ञानालाही या प्रश्नाची जाणीव आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली. प्राण्याऐवजी दुसरा पर्याय वापरा, वापरावाच लागला तर संख्या कमी करा, आणि यातना कमीत कमी होतील अशी पद्धत ठेवा. आज अमेरिकेत काय आणि भारतात काय, प्राण्यांवरील प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची पूर्वसंमती घ्यावी लागते. अमेरिकेत नव्या औषधासाठी प्राणिचाचणी सक्तीची ठेवणारी जुनी तरतूद डिसेंबर २०२२मध्ये कायद्याने काढून टाकण्यात आली. भारतानेही २०२३मध्ये नियम बदलून औषधांच्या चाचणीत प्राण्यांविना चालणाऱ्या पद्धतींना वाव दिला. मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले सूक्ष्म अवयव, चिपवरील अवयव, संगणकीय प्रतिमाने, ही क्षेत्रे आज वेगाने वाढत आहेत.

तेव्हा ज्याला पंचेंद्रिय प्राण्यावर हात उगारायचा नाही, त्याला या विज्ञानात जागा नाही, असे मुळीच नाही. यीस्टच्या पेशींवर काम करून लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी पेशीविभाजनाचे नियम शोधले, त्यांना टिम हंट यांच्यासमवेत २००१चे नोबेल मिळाले. कर्करोगाची समज त्यातून पालटली. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्येच पेशी स्वतःचे जुने भाग कसे पचवते हे दाखवले, त्यांना २०१६चे नोबेल लाभले. तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकी रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केल्यानंतर जीवशास्त्राकडे वळून रायबोसोमची रचना उलगडली आणि २००९च्या नोबेलचे ते मानकरी ठरले. संगणकीय जीवशास्त्र, रचनात्मक जीवशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान, रुग्णांनी संमतीने दिलेल्या नमुन्यांवरील अभ्यास, अशी कितीतरी दालने उघडी आहेत.

तरीही पूर्ण सत्य सांगितले पाहिजे. सूक्ष्म दृष्टीने पाहिले तर पूर्णपणे निर्दोष प्रयोगशाळा सापडणे कठीण. फळमाशी चतुरिंद्रिय आहे, संशोधनात वापरला जाणारा सूक्ष्म कृमी द्वींद्रिय. ‘मी फक्त पेशींवर काम करतो’ म्हणणाऱ्यालाही हे ठाऊक हवे की पेशी वाढवण्याच्या द्रवात गर्भस्थ वासराच्या रक्तातून काढलेला द्रव घालण्याची प्रथा अजून सर्वत्र आहे. त्याला सीरमविरहित पर्याय आहेत, पण ते महाग आहेत आणि सगळ्याच पेशींना मानवत नाहीत. गृहस्थाच्या प्रत्येक व्यवसायात आरंभाची हिंसा असते. ती जाणून, मोजून, कमी करत जाणे हे श्रावकाला अपरिचित नाही. आपली मर्यादारेषा कुठे, हे प्रत्येकाने स्वतः, शांतपणे, अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे. कोणी कृमीपर्यंत जाईल, कोणी यीस्टपाशी थांबेल, कोणी संगणकापलीकडे जाणार नाही.

रोटेशनची पद्धत इथे कामी येते. छत्र-कार्यक्रमात विद्यार्थी प्रयोगशाळा स्वतः निवडतो. ज्यांच्याकडे प्राण्यांवर काम होत नाही असे प्राध्यापक त्या विद्यापीठात पुरेसे आहेत का, हे अर्जाआधीच पाहावे आणि निवेदनात त्यांचीच नावे द्यावीत. मुलाखतीत विषय निघाला तर सौम्यपणे सांगावे, ‘मी प्राण्यांवर प्रयोग करणार नाही असे ठरवले आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मानवी पेशी आणि संगणकीय पद्धतींनी असे शोधता येईल.’ नकाराबरोबर पर्यायही मांडता आला की तो हट्ट न वाटता विचार वाटतो. प्राण्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकाला हिंसक ठरवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. आपण घेतलेली लस आणि आपल्या वडिलांचे इन्सुलिन त्याच परंपरेतून आले आहे, याचे भान ठेवावे. आणि प्रवेश मिळावा म्हणून ‘चालेल’ म्हणायचे, मग पहिल्याच महिन्यात नाही म्हणायचे, हे तर कदापि करू नये. त्यात स्वतःची फसवणूक आहे आणि दुसऱ्याचीही.

मायदेशातील वाट

परदेशी जाणे हा एकच मार्ग नाही. पुण्यात आयसर आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटसारखी राष्ट्रीय परीक्षा किंवा संस्थेची प्रवेशपरीक्षा, आणि मग मुलाखत, असा येथील क्रम असतो. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये झाली असून दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. घरभाडे भत्ता निराळा.

येथील मुलाखत पुष्कळदा मंडळापुढे आणि फळ्यासमोर होते. ‘तुमचा आवडता विषय सांगा’ असे विचारून त्याच विषयाच्या मुळापर्यंत नेले जाते. आलेख काढायला सांगतात, अक्षांवर काय आहे विचारतात. म्हणून ज्यात खरोखर गती आहे, तोच विषय आवडता म्हणून सांगावा. तयारीचे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच, आपले काम आपल्याला मुळापासून कळलेले असणे.

नकार आणि निष्ठा

शेवटी नकाराविषयी. चांगल्या, पात्र विद्यार्थ्यांनाही नकार येतात, एकाच वर्षी अनेक येतात. त्यामागे निधी, जागा, त्या वर्षीचे वारे अशी विद्यार्थ्याच्या हातात नसलेली कारणे असतात. अशा वेळी कमला सोहोनी यांचे चरित्र आठवावे. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या तिथून हलल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेची दारे इतर स्त्रियांनाही उघडली. १९३९ साली केंब्रिजने त्यांना जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मायदेशी परतल्यावर त्यांनी डाळी, दूध, नीरा अशा सामान्यांच्या अन्नाच्या पोषणमूल्यांवर काम केले.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. संशोधक होऊ पाहणाऱ्या मुलाला वेळ द्यावा. त्याचे बरोबरीचे मित्र पगार आणि घर घेऊन स्थिरावतील तेव्हा तो अजून विद्यार्थीच असेल. मुलगी असेल तर लग्नाची घाई करणारे नातलग दर दिवाळीला भेटतील. त्यांना उत्तर देण्याचे काम आईवडिलांनी अंगावर घ्यावे. आणि नकाराचे पत्र आले त्या दिवशी ‘आधीच सांगत होतो’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला भेटून निवेदनातील उणिवा विचाराव्यात, वर्षभर एखाद्या प्रयोगशाळेत काम करावे आणि पुढच्या जूनमध्ये नवी यादी घेऊन बसावे. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळालेले विद्यार्थी प्रत्येक विद्यापीठात भेटतात.